बोथ तालुक्याचे दोन धबधबे

१९५६ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात बोथ नावाचा एक तालुका होता आणि त्या एकाच तालुक्याच्या पदरी दोन मोठे धबधबे होते. एक इस्लापूरजवळचा, पैनगंगेवरचा सहस्रकुंड. दुसरा नेरडीगोंड्याच्या रानातला, कडेम नदीवरचा कुंतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. कायद्याच्या भल्यामोठ्या मजकुरात आमच्या वाट्याला अर्धी ओळ आली होती: बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका मुंबई राज्यात जातील. त्या अर्ध्या ओळीने सहस्रकुंड नांदेड जिल्ह्यात आला आणि कुंतला आंध्र प्रदेशात राहिला. एका तलाठ्याच्या बस्त्यात शोभणारी ही वाटणी. पण पुढे या दोन पाण्यांचे नशीब निराळे झाले, त्यांच्याकडे जाणाऱ्या माणसांची भाषा निराळी झाली, आणि आता तर पोरांना सांगूनही पटत नाही की हे दोन्ही धबधबे कधी एकाच तहसीलदाराच्या हद्दीत होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातली गंमत नीट पाहावी. १९५६ पूर्वी सहस्रकुंड हाच सीमेवरचा धबधबा होता. पैनगंगेचा अलीकडचा काठ निजामाच्या मुलखात आणि पलीकडचा, आज यवतमाळ जिल्ह्यात असलेला काठ वऱ्हाडात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. नाव निजामाचे, अंमल इंग्रजांचा. म्हणजे शंभर वर्षे सहस्रकुंडाच्या खडकावर उभा राहिलेला माणूस अर्ध्या नदीत एका सरकारचा आणि अर्ध्या नदीत दुसऱ्याचा होता. ५६ साली ती रेघ नदीवरून पुसली गेली. वऱ्हाड आणि मराठवाडा एका राज्यात आले. आणि तीच रेघ उचलून कोणीतरी दक्षिणेला, इस्लापूर आणि बोथ यांच्यामधल्या सागाच्या जंगलात नेऊन ठेवली, जिथे पूर्वी वाटसरूला थांबवणारे काहीच नव्हते. नदी ही सीमा डोळ्यांना दिसते तरी. रानातली सीमा दगड पुरून दाखवावी लागते. पूर्वेकडे जिवती आणि केरामेरीच्या डोंगरात परमडोली, मुकदमगुड्यासारखी गावे आजही दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत सापडतात, ती याच रेघेची करणी.

मी या रेघेच्या अलीकडे, किनवट तालुक्यात, एका हायस्कुलात इतिहास शिकवत आलो आणि आता काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर आहे. विद्यार्थिदशेत वडिलांचा आगफाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा हाती आला तेव्हापासून मला पाण्याची छायाचित्रे काढण्याचा नाद आहे. एका रोलमध्ये बारा चित्रे. ढगाळ आणि ऊन एवढ्या दोनच खुणा. आजच्या पोरांना तो खेळण्यासारखा वाटेल, पण बाराच चित्रे काढायची म्हटल्यावर माणूस कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी बराच वेळ नुसता बघत बसतो, आणि माझ्या मते धबधब्याशी ओळख त्या बसण्यात होते. पुढे ‘हॉट शॉट’ आला, मग गावातल्या स्टुडिओवाल्या काकांनी आपला जुना कॅमेरा मला स्वस्तात दिला, आणि आता तर खिशातला फोनच सगळे करतो. गणपती उठले की एखादा रविवार गाठून मी कडेमच्या घळीत जातो. हा क्रम फारसा चुकलेला नाही.

कडेम ही नदी नकाशावर लहान आहे. बोथ-बजारहत्नूरच्या डोंगरात तिचे पाणी गोळा होते आणि ते गोदावरीला जाऊन मिळते. पण मधल्या वाटेत पठारावरून खाली उतरताना ती जे नाटक करते ते पाहण्यासारखे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर या जिल्ह्यात पूर्वेकडे विरत जातात आणि त्याखालचा फार जुना ग्रॅनाइट उघडा पडू लागतो. पठार संपते आणि नदीला एकेक पायरी उतरावी लागते. गिरनूरजवळ कनकाईचा धबधबा आहे. तो उंच नाही, पण कनकाईचे ठाणे, भोवती साग आणि मोह, आणि पावसाळ्यात पायवाटेवर घोट्यापर्यंत चिखल. बोथच्या बाजूला, कडेमच्याच खोऱ्यात पोचेरा. तिथे पाणी रुंद अंगाने, पसरट खडकांवरून येते आणि साठ-पासष्ट फूट खाली एका खोल डोहात पडते. तारनम खुर्दकडून रानातून चालत गेले की गायत्री. तिथे रस्ता नाही, वाटाड्या लागतो, आणि म्हणूनच तिथले रान अजून रानासारखे आहे. या सगळ्यांचा थोरला तो कुंतला.

कुंतल्याची उंची १४७ फूट सांगतात, मोजमापाच्या आजच्या भाषेत ४५ मीटर. तेलंगणातला सर्वांत उंच धबधबा म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याचेच नाव मुलांनी घोकले. नेरडीगोंडा गाव हैदराबाद-नागपूर हमरस्त्यावर आहे. हा रस्ता आमच्या तरुणपणी सात नंबरचा होता, आता चव्वेचाळीस नंबरचा आहे. त्या गावापासून बाराएक किलोमीटर आत गेले की आधी आवाज येतो, धबधबा नंतर दिसतो. पायऱ्या उतरत खाली जावे लागते. नदी दोन टप्प्यांत कोसळते आणि खाली खडकात कोरलेले खोल डोह आहेत. कपारीत सोमेश्वर आहे. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांची तिथे जत्रा भरते. त्या वेळी नदीचे पाणी एखाद्या धारेपुरते उरलेले असते, म्हणून देवाजवळ जाता येते. पावसाळ्यात तो पाण्यामागे असतो. वर्षातले सहा महिने माणसांना भेटणारा देव मला फार शहाणा वाटतो.

नावाविषयी दोन मते आहेत. शकुंतला इथे दुष्यंताला भेटली, म्हणून कुंतला, ही कथा पर्यटकांना सांगतात आणि ती त्यांना आवडते. कालिदासाने या रानाचा उल्लेख केलेला नाही, पण लोककथेला संदर्भग्रंथ विचारू नयेत. दुसरे मत जमिनीवरचे आहे. तेलुगूत आणि गोंडीत ‘कुंट’ म्हणजे तळे, डोह. ‘कुंटलू’ म्हणजे अनेक डोह. धबधब्याच्या पायथ्याशी उभे राहून त्या डोहांकडे पाहिले की हे दुसरे मत पटते. मराठी माणूस ‘कुंतला’ म्हणतो, तेलुगू माणूस ‘कुंटाला’. एका टकाराच्या फरकात कथा आणि भूगोल असे दोन्ही बसले आहेत.

आता कॅमेऱ्याकडे वळतो.

छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात लवकर आली. १८६३ मध्ये सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज कलकत्त्याला उतरला आणि पुढल्या सात वर्षांत हिमालयापासून निलगिरीपर्यंत फिरला. त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि सुकण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर काचा, रसायने, तंबू आणि ते सर्व वाहणारी माणसे चालली पाहिजेत. बोर्नच्या हिमालयातल्या स्वाऱ्यांत चाळीसच्या आसपास हमाल असत. काचेला प्रकाश पुरेसा मिळायला काही सेकंद लागत. डोंगर थांबतो, झाड वारा नसेल तर थांबते, पाणी मात्र थांबत नाही. त्यामुळे त्या काळच्या धबधब्यांच्या चित्रांत पाण्याच्या जागी पिंजलेला कापूस दिसतो. ती त्या काचेची मर्यादा होती. आज लोक महागडा कॅमेरा तिवईवर चढवून, भिंगापुढे काळी काच लावून, शटर मुद्दाम दोन-तीन सेकंद उघडे ठेवतात आणि तोच कापूस पैसे देऊन विकत घेतात. भिंतीवर लावायला तो छान दिसतो. पण इतिहासाच्या मास्तराला त्याचा काही उपयोग नाही. त्या चित्रात पाणी किती होते हे कळत नाही, ते गढूळ होते की निवळ हे कळत नाही, त्याबरोबर वाहून आलेले लाकूड दिसत नाही. मी शटर जलद ठेवतो. थेंब थेंब वेगळा दिसला पाहिजे.

आपल्या निजामाच्या मुलखात या कलेचा मोठा पुरुष म्हणजे राजा दीनदयाळ. मूळचे सरधन्याचे, इंदूरला नोकरीस, आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. ‘मुसव्विर जंग’ ही पदवी त्यांना १८९४ मध्ये मिळाली. वेरूळची लेणी, दरबार, शिकारीचे तळ, लष्करी कवायती यांची त्यांनी घेतलेली चित्रे पाहिली की तो काळ समोर उभा राहतो. निर्मलहून उत्तरेला येताना जो घाट लागतो त्याला महबूब घाट म्हणतात. त्याच निजामाचे नाव. पण कॅमेरा त्या काळी राजाच्या आणि साहेबाच्या मागून चालत होता. जिथे तंबू ठोकायला हुकूम होता तिथे तो पोचला. कडेमच्या घळीत पोचायला त्याला कारण नव्हते. तिथे राहत होते गोंड, कोलाम, नायकपोड, आणि त्यांना स्वतःचे चित्र काढून घ्यायचे नव्हते.

आदिलाबादच्या डोंगरात कॅमेरा खऱ्या अर्थाने आला तो एका बंडाच्या मागोमाग. हा भाग नव्या पिढीने वाचला पाहिजे म्हणून जरा सविस्तर लिहितो. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत निजाम सरकारने इथली जंगले राखीव केली. मोजणीदार आले, रेघा मारल्या, आणि त्या रेघांच्या आत सापडलेल्या गोंडांच्या वाड्या बेकायदा ठरल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे झाले, कारण कागद कसा करायचा हे बाहेरच्यांना ठाऊक होते. कुमराम भीम याने जल, जंगल, जमीन यांवरचा हक्क मागत लढा उभारला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात तो आपल्या साथीदारांसह मारला गेला. आश्विनी पौर्णिमेला आजही तिथे लोक जमतात.

हे असे का झाले याचा शोध घ्यायला निजाम सरकारने एका ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म व्हिएन्ना १९०९. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो हिंदुस्थानात होता, आणि जर्मन पारपत्रामुळे इंग्रजांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला हैदराबाद राज्यात राहण्याची मुभा मिळाली. एरवी कैदेत गेला असता तो माणूस आपली पत्नी बेट्टी हिच्यासह मारलवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिला. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्याने काढलेली हजारो छायाचित्रे लंडनच्या प्राच्यविद्यासंस्थेत, ‘सोआस’मध्ये, जपून ठेवली आहेत. त्या चित्रांत माणसे आहेत. मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी, पेन म्हणजे देवांच्या पूजा, परधानाचे तीन तारांचे किंगरी वाद्य, घराच्या ओसरीवर बसलेल्या बायका. बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादेत वारली. तिची समाधी मारलवाईला आहे. तो स्वतः १९९५ मध्ये लंडनला गेला. परका माणूस एखाद्या गावाला इतका आपला होतो, याचे दुसरे उदाहरण आमच्या टापूत तरी सापडत नाही.

या कथेत मराठीचा भाग मोठा आहे, आणि तो मराठी वाचकाच्याही कानावर क्वचितच येतो. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. पोरांना त्यांच्याच भाषेत, गोंडीत शिकवायचे ठरले, आणि वाचनपुस्तके छापली गेली ती देवनागरी लिपीत. कारण सरळ होते. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून होती. बाजार मराठी होता, गावचा पाटील-पटवारी बहुधा मराठी होता. याच कामात आपले सेतुमाधवराव पगडी होते. शिवकालाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण निलंग्याच्या या माणसाने हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना गोंडी शिकली, कोलामी शिकली, दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली, आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. फारसी बखरी वाचणारा माणूस दिवसभर डोंगर चढून कोलामांचे क्रियापद विचारीत बसला होता, हे चित्र कोणी काढले असते तर मी ते शाळेत लावले असते.

मग १९५६ आले. रेघेच्या पलीकडे तेलुगू ही राज्याची भाषा झाली. देवनागरीत शिकलेले गोंड शिक्षक आपल्याच गावात निरक्षर ठरल्यासारखे झाले. त्यांना नव्याने तेलुगू लिपी गिरवावी लागली. मी हे कोणावर दोष म्हणून लिहीत नाही. तेलुगू राज्यात तेलुगू येणारच. आणि गोंडांची स्वतःची लिपीही होतीच. नारनूरजवळच्या गुंजाळा गावात तिची हस्तलिखिते निघाली आणि २०१८ मध्ये ती लिपी संगणकाच्या जागतिक तक्त्यात, युनिकोडमध्ये दाखल झाली. पण ज्यांच्या आजाने मराठी वाचली, बापाने तेलुगू, आणि जे स्वतः इंग्रजी शाळेत जातात, अशा घरांत एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही, ही गोष्ट शिक्षक म्हणून मला बोचते.

कुंतल्याच्या वाटेवर एका गोंड वाडीत मी पाण्यासाठी नेहमी थांबतो. तिथले एक वृद्ध गृहस्थ माझ्याशी मराठीत बोलतात, जुन्या वळणाच्या, आमच्या आजोबांच्या वेळच्या मराठीत. एका वर्षी मी आदल्या खेपेची छायाचित्रे छापून त्यांना दाखवायला नेली. कुंतल्याची सात-आठ, पोचेऱ्याची चार. मला ती बरी साधली होती. त्यांनी एकेक चित्र उन्हाला धरून पाहिले आणि विचारले,

“गुरुजी, इथं माणूस नाही का कोणी?”

मी म्हटले, “दादा, पाण्याचा फोटो आहे. माणसं मधे आली की पाणी झाकलं जातं.”

“पाणी तर दरसाल येतं,” ते म्हणाले. “हे कोणच्या सालचं, ते कसं कळावं मग?”

पुढे त्यांनी बोटाने खडकाचा एक कोपरा दाखवला. त्यांच्या लहानपणी एका पुरात तिथपर्यंत पाणी चढले होते, आणि वर जांभळीचे झाड होते ते त्या पुरात गेले. चित्रात ते झाड नव्हतेच. पण ते असण्याची जागा त्यांना दिसत होती, मला नव्हती. त्या दिवसापासून मी प्रत्येक छायाचित्रात एक माणूस उभा करतो, सुरक्षित जागी, आणि मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस होता की नाही, आणि उभ्या माणसाच्या पायापासून पाणी किती हात खाली होते, ते लिहितो. पेन्सिलीने, कारण शाई ओल धरते आणि पसरते.

हे नुसते छंदाचे चोचले नव्हेत. कडेम नदीवर खाली धरण आहे. त्याचे काम १९४९ मध्ये सुरू झाले. १९५८ मध्ये एका पुराचे पाणी धरणाच्या डोक्यावरून गेले आणि बांध फुटला. ते पुन्हा बांधले. १९९५ मध्ये पुराने त्याला पुन्हा धक्का दिला. आणि जुलै २०२२ मध्ये जे झाले ते आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल: अठरा दरवाजे, त्यांतला एक उघडेना, सोडता येईल तीन लाख क्युसेक्सच्या आसपास आणि वरून येते पाच लाखांच्या घरात. खालची गावे रातोरात हलवली. धरणावरून पाणी वाहू लागले, आणि बांध टिकला हे दैव. २०२३ च्या जुलैत पुन्हा तसाच प्रसंग आला. आता विचार करा, या नदीचे पाणी एका दिवसात किती चढते याची खूण पठाराच्या तोंडावर कुठे मिळेल? सरकारी मोजपट्टी धरणावर आहे. तिच्या वर, घळीत, ज्या खडकांवरून हे पाणी कोसळते, तिथला साक्षीदार म्हणजे वाडीतला म्हातारा, आणि कोणी मागे तारीख टाकून ठेवले असेल तर एखादे छायाचित्र. माझ्याकडे अशी पंचवीसएक वर्षांची चित्रे जमली आहेत. ती शास्त्रीय नोंद नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण एकाच खडकावर, एकाच महिन्यात, वेगवेगळ्या सालांचे पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मुले गप्प होतात.

सहस्रकुंडाची गोष्ट उलटी. त्याच्या वरच्या अंगाला इसापूरचे धरण झाले आणि १९८० च्या दशकापासून पैनगंगेचे पाणी माणसाच्या हुकमाने येऊ लागले. पूर्वी मृग लागला की नदी यायची. आता पावसाळ्यात इसापूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की लोक गाड्या काढतात. काळ्याकभिन्न खडकांतून शेकडो धारा फुटतात, म्हणून सहस्रकुंड. पूर मोठा असेल तर धारा उरतच नाहीत, एकच तांबडी भिंत होते. तिथे पोचणे सोपे. नांदेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्टेशनच आहे. मीटरगेजच्या दिवसांत गाडी इतकी सावकाश चालायची की खिडकीतून पळसाची पाने तोडता यायची, असे आम्ही म्हणत असू. ब्रॉडगेज झाल्यावर ती गंमत गेली आणि तासभर वाचला. छायाचित्रकाराला सहस्रकुंड अवघड जातो. तो उंचीने तीस-चाळीस फुटांचा पण अंगाने रुंद, आणि एका चौकटीत बसत नाही. अर्धा कापला तर तो कुठलाही धबधबा वाटतो. मी दोन चित्रे काढून शेजारी चिकटवतो. मधली जोडाची रेघ दिसते, दिसू दे.

एक गोष्ट कठोरपणे लिहिली पाहिजे. कुंतल्याच्या डोहांनी आजवर अनेक तरुण पोरे घेतली आहेत आणि त्यांतली कित्येक हातात कॅमेरा किंवा फोन असताना गेली. पाण्याखालचा खडक शेवाळ्याने तेलकट होतो. डोहाच्या तोंडाशी पाणी संथ दिसते आणि आत भोवरा असतो. त्यातही फसवी गोष्ट अशी, की पाऊस वर बोथच्या डोंगरात पडतो आणि इथे, धबधब्यापाशी, लख्ख ऊन असते. मागून लोंढा येतो तेव्हा माणूस पाठमोरा, स्वतःचाच फोटो काढत असतो. पाट्या लावल्या आहेत, कठडे आहेत. वाडीतली माणसे सांगतातही. पण शहरातून आलेला मुलगा त्यांचे ऐकत नाही, कारण सांगणाऱ्याच्या अंगावर गणवेश नसतो. आमच्या शाळेची सहल मी तिथे पावसाळ्यात नेत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी नेतो, पाणी उतरल्यावर, आणि तेव्हाही वरच्या कट्ट्यावरून दाखवतो. पालक म्हणतात, सर, तेव्हा काय बघायचं? तेव्हाच बघायचे. पाणी कमी झाले की नदीने खडकात काय कोरले आहे ते दिसते: रांजणखळगे, त्यांत अडकलेले गुळगुळीत गोटे, पुराने कपारीत कोंबलेले वाळके ओंडके. पूर आल्यावर आवाज ऐकावा, पूर ओसरल्यावर नदी वाचावी.

छायाचित्राला दिवस कोणता चांगला, असे तरुण मित्र विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे: ढगाळ. कडक उन्हात फेस पांढराफेक होतो आणि खडक काळा ठिक्कर; कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. भाद्रपदातली, पाऊस नुकताच थांबलेली दुपार घ्यावी. भिंगावर तुषार बसतात, म्हणून धुतलेले जुने धोतराचे फडके खिशात हवे; रुमाल ओरखडे काढतो. पोचेऱ्याला खालून, कुंतल्याला समोरच्या बाजूने, कनकाईला पायवाटेच्या वळणावरून, झाडाची एक फांदी चौकटीत ठेवून. गायत्रीला जायचे तर कॅमेऱ्यापेक्षा वाटाड्याची किंमत जास्त धरावी आणि त्याला त्याचे छायाचित्र छापून पाठवायला विसरू नये.

दिवाळीत मात्र मी धबधब्यावर जात नाही. त्या दिवसांत आदिलाबादच्या गोंड गावांत दंडारी असते. गुसाडी मोरपिसांचे मुकुट डोक्यावर घेऊन, अंगाला राख फासून, एका गावाहून दुसऱ्या गावाला नाचत जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालते, आणि सोयरिकीही तिथेच ठरतात. मारलवाईच्या कनका राजू यांना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर असताना, ते गेले. त्या वाडीतल्या वृद्ध गृहस्थांचा नातू आता दंडारीत ढोल वाजवतो. गेल्या दिवाळीत त्याने माझ्या फोनवर एक छायाचित्र पाठवले. गुसाडींची रांग नदी ओलांडते आहे, गुडघाभर पाण्यात, मुकुट वर धरलेले, मागे दूरवर कुंतल्याची धार. खाली त्याने तेलुगूत काहीतरी लिहिले होते. मी ते शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून वाचून घेतले. तारीख होती, आणि पाणी गुडघ्याच्या चार बोटे वर होते, असे लिहिले होते.